रुग्णाचे कथन, साक्षीदाराचे कथन : अपस्माराच्या निदानाचा एक इतिहास

१८७४ साली लंडनहून निघणाऱ्या ‘द प्रॅक्टिशनर’ या वैद्यकीय मासिकात ‘क्वेरेन्स’ अशी सही असलेला एक लेख प्रसिद्ध झाला. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘शोधणारा’. अपस्माराच्या निदानाला व उपचाराला उपयोगी ठरेल अशा एका लक्षणाकडे वैद्यांचे लक्ष वेधावे, हा लेखाचा उद्देश होता. ते लक्षण असे : समोर जे घडते आहे ते पूर्वी केव्हातरी जसेच्या तसे घडून गेले आहे, अशी जाणीव मनाला अकस्मात व्यापून टाकते. निरोगी माणसालाही ती क्वचित होते. परंतु ती वारंवार आणि अतिशय तीव्रतेने होऊ लागली तर तिच्याकडे आजाराची खूण म्हणून पाहावे, असे लेखकाचे म्हणणे होते. ही जाणीव नेमकी कशी असते हे सांगण्यासाठी त्याला त्या काळच्या वैद्यकीय ग्रंथांत पुरेसे शब्द सापडले नसावेत. त्याने आधार घेतला तो कोलरिज आणि टेनिसन या कवींचा आणि चार्ल्स डिकन्स या कादंबरीकाराचा. लेखक स्वतःच रुग्ण होता. वय बावीस-तेवीस वर्षांचे, शिक्षण केंब्रिजचे, आणि तो अजून डॉक्टर झालेला नव्हता.

पुढे हाच रुग्ण वैद्यकाच्या इतिहासात ‘डॉक्टर झेड’ या नावाने अजरामर झाला. त्याचे खरे नाव आर्थर टॉमस मायर्स. क्वेरेन्स, डॉक्टर झेड आणि मायर्स ही एकाच माणसाची तीन नावे आहेत, आणि त्या तिन्ही नावांखाली जे लेखन झाले त्यातून मेंदूच्या एका विशिष्ट भागाशी जोडलेल्या अपस्माराची ओळख वैद्यकाला पटली. वैद्यकाच्या इतिहासकारांनी हे प्रकरण तपशीलवार अभ्यासले आहे. साहित्याच्या अभ्यासकांचे मात्र त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही; वस्तुतः ते त्यांच्या प्रांतातले आहे.

याचे कारण या आजाराच्या स्वरूपातच आहे. अपस्माराचा मोठा झटका येतो तेव्हा ज्याला तो येतो त्याची शुद्ध हरपते. ज्याच्या देहावर सारे घडले, त्याला काय घडले हे सांगता येत नाही. ज्याने ते पाहिले त्याला सांगता येते, पण त्याने पाहिलेला असतो तो केवळ देह. डॉक्टर तर दोन्ही वेळा गैरहजर असतो. त्याच्यासमोर येते ते इतिवृत्त, तेही तुटक, दोन तोंडांतून आलेले. या आजाराचे निदान म्हणजे मुळात दोन अपुऱ्या निवेदनांची सांधणी होय.

आजाराच्या नावांतही हा दृष्टिकोनाचा प्रश्न दडलेला आहे. ग्रीक शब्दाचा रोख ‘पकडले जाणे’ याकडे आहे. जुन्या इंग्रजीत या आजाराला ‘पडण्याचा आजार’ म्हणत. ही नावे पाहणाऱ्याने दिलेली आहेत. मराठी बोलीतली ‘आकडी’ हीदेखील आखडलेल्या देहाकडे पाहूनच उच्चारली जाते. ‘अपस्मार’ हा संस्कृत शब्द मात्र देहाचे वर्णन करीत नाही. त्यात ‘स्मार’ आहे, स्मरण आहे, आणि ते दूर गेल्याचे सांगणारा ‘अप’ हा उपसर्ग आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानातील आठव्या अध्यायात या व्याधीची जी व्याख्या येते तिच्यात स्मृती, बुद्धी आणि सत्त्व यांचा विप्लव हे कारण म्हणून सांगितले आहे, बीभत्स हालचाली हे बाह्य लक्षण म्हणून, आणि या साऱ्याला ‘तमःप्रवेश’ असे म्हटले आहे. हा प्रवेश ‘आवस्थिक’ आहे, म्हणजे अधूनमधून घडणारा आहे, हेही नोंदवलेले आहे. बीभत्स हालचाली बघ्याला दिसतात. अंधारात शिरण्याचा अनुभव फक्त रुग्णाचा. एकाच व्याख्येत दोन्ही निवेदकांना जागा मिळाली आहे. दोषांनुसार भेद सांगताना, कफज प्रकारात रुग्णाला पांढरी रूपे दिसतात, पित्तज प्रकारात पिवळी व रक्तवर्ण, असे तपशील येतात. ही रूपे साक्षीदाराला दिसणे शक्य नाही. कोणीतरी शुद्धीवर आल्यावर ती सांगितली आणि कोणीतरी ती ऐकून घेतली, एवढे अनुमान या संहितेवरून निश्चित करता येते. पाश्चात्त्य परंपरेत इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास रचलेल्या ‘पवित्र रोगाविषयी’ या हिप्पोक्रेटिक ग्रंथाने या आजाराला देवाच्या हातून काढून मेंदूच्या स्वाधीन केले, ही गोष्ट सर्वज्ञात आहे आणि तिचा गौरवही पुष्कळ झाला आहे.

मायर्स यांच्या लेखनाला योग्य वाचक मिळाला तो जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन (१८३५–१९११) यांच्या रूपाने. यॉर्कशरमध्ये जन्मलेले जॅक्सन लंडनमध्ये क्वीन स्क्वेअर येथील पक्षाघात व अपस्माराच्या राष्ट्रीय रुग्णालयात काम करीत. ‘ब्रेन’ हे नियतकालिक १८७८ साली सुरू करणाऱ्यांपैकी ते एक. कादंबऱ्या वाचण्याची त्यांना विलक्षण आवड होती, आणि नवी कादंबरी हाती आली की तिचे दोन तुकडे करून ते कोटाच्या दोन खिशांत घालीत, अशी आख्यायिका सांगितली जाते. पुस्तकप्रेमी वाचकाला ती रुचणार नाही. पण ग्रंथाकडे वस्तू म्हणून न पाहता केवळ मजकूर म्हणून पाहणारा हा माणूस रुग्णाच्या बोलण्यातही मजकूर शोधत होता, हे खरे. १८७३ मध्ये त्यांनी अपस्माराची जी व्याख्या केली ती आजही मुळात टिकून आहे : मेंदूच्या करड्या द्रव्यातून अधूनमधून, अकस्मात, अतिरिक्त व वेगाने होणारे स्थानिक उत्सर्जन. यातला ‘स्थानिक’ हा शब्द निर्णायक ठरला. झटका मेंदूच्या एखाद्या ठिकाणी सुरू होत असेल, तर त्याचे आरंभीचे लक्षण हा त्या ठिकाणाचा पत्ता होय. हात आधी फडफडला तर पत्ता एक; आधी नाकाला दुर्गंध जाणवला तर पत्ता दुसरा. म्हणून झटक्याची कथा सुरुवातीपासून आणि क्रमाने ऐकणे जॅक्सन यांना आवश्यक वाटे, आणि सुरुवात ठाऊक असते ती बहुधा रुग्णालाच.

१८८८ साली ‘ब्रेन’मध्ये त्यांनी अपस्माराच्या एका विशिष्ट प्रकाराविषयी लेख लिहिला. झटक्याच्या प्रारंभी येणाऱ्या स्मरणसदृश अवस्थेला ते ‘स्वप्नवत् अवस्था’ म्हणत. या लेखात डॉक्टर झेड यांनी स्वतः लिहिलेली दीर्घ टिपणे आहेत, आणि जॅक्सन यांनी ती आपल्या शब्दांत न मांडता रुग्णाच्याच शब्दांत छापली. या निर्णयाचे महत्त्व मोठे आहे. मायर्स लिहितात त्याचा आशय असा : आत्ता मनात जे आहे ते पूर्वी परिचयाचे होते, मधल्या काळात विसरले गेले होते, आणि आता परत सापडले, अशी समाधानाची भावना उमटते, जणू जे शोधत होतो तेच हाती आले. मात्र झटका ओसरल्यावर काय सापडले होते ते आठवत नाही. ज्या आजाराला संस्कृतने स्मृतीच्या जाण्यावरून नाव दिले, त्याचा आरंभ स्मृतीच्या पुराने होतो, हे या टिपणांनी दाखवले. पूर खरा, पण त्यात आठवण एकही नाही.

मायर्स यांच्या टिपणांतले दोन प्रसंग विशेष प्रसिद्ध आहेत. पहिला लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेतला. चौथ्या स्थानकावर उतरून अर्ध्या मैलावरच्या एका घरी जायचे होते. दुसरे स्थानक आल्याचे त्यांना आठवते. डब्यातल्या दोन अनोळखी माणसांचे संभाषण पूर्वी ऐकल्यासारखे वाटू लागले, तेही अंधुक आठवते. त्यानंतरची आठवण आहे ती थेट त्या घराच्या पायऱ्या चढत असल्याची आणि खिशात किल्ली चाचपत असल्याची. मधली दोन स्थानके, उतरणे, रस्ता, चालणे हे सारे झाले होते. कोणी केले, हा प्रश्न उरला.

दुसरा प्रसंग त्यांच्या व्यवसायातला आहे. एक आई आपल्या मुलाला छातीच्या तक्रारीसाठी घेऊन आली होती. मुलगा कपडे काढीत असताना मायर्स यांना झटक्याची चाहूल लागली. स्टेथोस्कोप बाहेर काढल्याचे आणि बोलणे टाळण्यासाठी किंचित वळल्याचे त्यांना आठवत होते. पुढची आठवण, त्याच खोलीत लिहिण्याच्या टेबलाशी बसून दुसऱ्या कोणाशी तरी बोलत असल्याची. मुलगा तेथे नव्हता. तासाभराने त्यांनी त्याला पाहिले तेव्हा तो अंथरुणात होता आणि सोबत त्यांनीच लिहिलेली निदानाची नोंद होती : डाव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया. काहीशा कुतूहलाने त्यांनी पुन्हा तपासणी केली. निदान बरोबर होते.

या प्रसंगाचे वर्णन वाचताना लक्षात येते ते त्यातील निवेदकाचे संयमन. स्वतःच्या हस्ताक्षराकडे तो परक्या माणसाच्या हस्ताक्षरासारखा पाहतो. जे आठवते आणि जे नंतर अनुमानाने कळले, त्यांची सरमिसळ तो होऊ देत नाही. आत्मचरित्रकाराला सहसा न जमणारी ही शिस्त आहे. तिच्यामागे एक आनुषंगिक कारण असावे. आर्थर यांचे थोरले बंधू फ्रेडरिक मायर्स हे १८८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’चे एक संस्थापक, ‘टेलिपथी’ हा शब्द त्यांनीच घडवला. आर्थरही त्या कार्यात सहभागी होते, आणि लूर्द येथील चमत्कारिक रोगमुक्तींविषयीचा दोघा भावांचा संयुक्त निबंध १८९३ साली प्रसिद्ध झाला. विलक्षण घटना सांगणाऱ्या साक्षीदारांपैकी कोणावर किती विश्वास ठेवावा, याची सवय त्यांना झालेली होती. ती त्यांनी स्वतःला लावली.

१८९४ साली क्लोरल हायड्रेटच्या अतिमात्रेने आर्थर मायर्स यांचा मृत्यू झाला. वॉल्टर कोलमन यांनी शवविच्छेदन केले. डेव्हिड फेरियर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांवरून मेंदूच्या ज्या भागाचा चवीशी संबंध जोडला होता, तो भाग विशेष काळजीने तपासावा, अशी जॅक्सन यांची इच्छा होती. ही सूचना त्यांनी कोणत्याही यंत्राच्या आधारे दिलेली नव्हती. तिला आधार होता तो रुग्णाने लिहिलेल्या आणि इतरांनी सांगितलेल्या तपशिलांचा. कोलमन यांना डाव्या बाजूच्या अनसिनेट जायरस या भागात, म्हणजे कानशिलाच्या आत खोलवर आकड्यासारख्या वळलेल्या पट्ट्यात, मऊ पडलेला एक अगदी लहान डाग सापडला. १८९८ साली दोघांनी मिळून ही हकिगत ‘ब्रेन’मध्ये छापली. तिच्या शीर्षकात चव घेतल्यासारख्या हालचाली आणि ‘स्वप्नवत् अवस्था’ अशी दोन लक्षणे शेजारी-शेजारी आहेत. झटक्याच्या वेळी मायर्स ओठ-जीभ हलवीत ते इतरांनी पाहिलेले. त्यांना स्वतःला त्याची खबर नसे. स्वप्नवत् अवस्था त्यांनी अनुभवलेली. इतरांना ती दिसत नसे. एका शीर्षकात दोन निवेदक असे सांधले गेले, आणि त्या दोघांनी मिळून दाखवलेल्या जागी डाग सापडला.

अपस्मार आणि साहित्य म्हटले की तौलनिक अभ्यासक दस्तयेव्हस्कीकडे वळतात. १८६८–६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द इडियट’मधील प्रिन्स मिश्किनला झटक्यापूर्वी जो परमानंदाचा क्षण लाभतो, त्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. फ्रॉइड यांनी तर १९२८ मध्ये दस्तयेव्हस्कीचा आजारच मुळात मानसिक ठरवू पाहिला. या वादात एक दोष कायमचा आहे : कादंबरीतील वर्णनावरून लेखकाच्या मेंदूचे निदान करायचे आणि त्या निदानावरून पुन्हा कादंबरी उलगडायची. मायर्स यांच्या प्रकरणात साहित्याचे कार्य वेगळे आहे. डिकन्स किंवा टेनिसन यांना अपस्मार होता असा दावा येथे कोणी करीत नाही. ज्या अनुभवाला वैद्यकात भाषा नव्हती त्याला भाषा उसनी मिळाली, एवढेच. मिश्किनच्या परमानंदापेक्षा ही उसनवारी फिकी दिसेल. तिचा पुरावा मात्र अधिक भक्कम आहे.

टोपणनाव आणि अक्षर यांच्याआड मायर्स का राहिले, हे वेगळे सांगायला नको. झटके येणाऱ्या डॉक्टरकडे आपले मूल कोण नेईल? रुग्ण कोण होता हे जगजाहीर झाले ते १९८० साली, डेव्हिड टेलर आणि सुसान मार्श यांच्या संशोधनातून; मृत्यूनंतर शहाऐंशी वर्षांनी. भारतीय वाचकाला हे मौन परके वाटणार नाही. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने विवाहाच्या अटींमध्ये वेडाच्या जोडीला अपस्माराचे वारंवार येणारे झटकेही घातले. विशेष विवाह कायद्यातही तेच झाले. हा उल्लेख निघाला तो १९९९ च्या दुरुस्तीने. मधली तेवीस वर्षे कायद्यानेच दोन आजारांना एका ओळीत बसवले होते, आणि ओळ खोडली गेली तरी लपवण्याची सवय कायद्याबरोबर जात नाही. सासरी कळू नये म्हणून गोळ्या बंद करणाऱ्या मुलीचे इतिवृत्त डॉक्टरपुढे येते तेव्हा त्यातला महत्त्वाचा परिच्छेद गाळलेला असतो. निदान कथनावर अवलंबून असताना लाज ही केवळ सामाजिक बाब राहत नाही. ती तपासणीत चूक घडवते.

उपचारांचा इतिहास याच काळात वेगळ्या वाटेने चालला होता आणि त्यात तर्कापेक्षा योगायोग अधिक होता. चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ मध्ये पोटॅशियम ब्रोमाइडचा उपयोग सांगितला तो स्त्रियांच्या मासिक पाळीशी जोडलेल्या झटक्यांविषयीच्या चुकीच्या समजुतीतून. औषध मात्र लागू पडले. १९१२ मध्ये आल्फ्रेड हाउप्टमान यांना फेनोबार्बिटलचा गुण ध्यानात आला. १९३८ मध्ये मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटॉइन पुढे आणले, ते मांजरांमध्ये विजेने घडवलेल्या झटक्यांवर द्रव्ये तपासून. येथे कोणाचेही कथन लागले नाही.

निदानाच्या बाबतीतही कथनाची गरज संपेल असे वाटण्याजोगी घटना घडली होती. जर्मनीत येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूच्या विद्युत्-लहरींची पहिली नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी १९३५ मध्ये लहान झटक्यांच्या वेळी सेकंदाला तीन या गतीने उमटणारा आलेख दाखवला. आजार आता कागदावर दिसू लागला. तरीही ईईजीने साक्षीदाराला निवृत्त केले नाही. अपस्मार असलेल्या अनेकांचा झटक्यांच्या मधल्या काळातला आलेख निर्दोष येतो, आणि कधीही झटका न आलेल्या काहींच्या आलेखात संशयास्पद खुणा दिसतात. घेरी येऊन पडणे, मानसिक कारणाने येणारे झटके आणि अपस्मार यांतला भेद आजही प्रथम हकिगतीवरून केला जातो. दक्षिण भारतातील ‘गरम पाण्याचा अपस्मार’ याचे उत्तम उदाहरण आहे. बंगलोरचे के. एस. मणी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अशा रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली. पुढे तेथील निम्हान्स संस्थेत सतीशचंद्र आणि सहकाऱ्यांनी हा अभ्यास वाढवला. डोक्यावरून तांब्या-तांब्याने कढत पाणी ओतून न्हाताना येणारा हा झटका. ‘कधी येतो?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर ऐकले की निदानाची दिशा मिळते, आणि उपचारही त्यातूनच निघतो : पाणी कोमट घ्यावे, किंवा न्हाण्याआधी क्लोबाझामची मात्रा द्यावी.

जॅक्सन यांनी दाखवलेल्या पत्त्यावर शस्त्र घेऊन गेले ते मॉन्ट्रियलचे वाइल्डर पेनफिल्ड. रुग्ण जागा असताना त्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाला सूक्ष्म विद्युत्प्रवाहाने स्पर्श करायचा आणि त्याला काय वाटते ते विचारायचे, ही त्यांची पद्धत. कानशिलामागच्या टेम्पोरल लोबला स्पर्श झाल्यावर काही रुग्ण जुने प्रसंग, ऐकलेले संगीत, पूर्वपरिचयाची भावना सांगू लागले. जॅक्सन यांची ‘स्वप्नवत् अवस्था’ शस्त्रक्रियागृहात बोलू लागली. पेनफिल्ड यांच्याकडे शिकलेले जेकब चँडी १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले, आणि १९५२ मध्ये तेथे अपस्मारासाठीची भारतातील पहिली शस्त्रक्रिया झाली. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून के. राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले.

ही शस्त्रक्रिया औषधांपेक्षा खरोखर सरस आहे का, याची यादृच्छिक निवडीने केलेली पहिली चाचणी कॅनडातील सॅम्युअल वीब आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केली. टेम्पोरल लोबच्या अपस्माराचे ८० रुग्ण, निम्मे शस्त्रक्रियेच्या गटात, निम्मे औषधांच्या. वर्षाअखेरीस जाणीव हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त असलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के, औषधांच्या गटात ८ टक्के. हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. त्याच निबंधात दुसरीही जोडी आहे : झटक्याची केवळ चाहूल, म्हणजे ऑरादेखील उरली नाही, असे अनुक्रमे ३८ आणि ३ टक्के. पहिल्या जोडीत मोजले गेले ते इतरांच्याही ध्यानात येऊ शकणारे झटके. दुसऱ्या जोडीत फक्त रुग्णालाच ठाऊक असणारी गोष्टही मोजली गेली. ५८ आणि ३८ यांच्यात जे अंतर आहे, त्यात असे रुग्ण आहेत की जे घरच्यांच्या लेखी बरे झाले आणि स्वतःच्या लेखी पूर्णपणे नाही.

आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने २०१७ च्या वर्गीकरणात झटक्यांचा भेद करताना ‘जाणीव’ ही कसोटी धरली होती. झटक्यात काय घडले ते नंतर आठवते का, हे तिचे व्यावहारिक रूप. २०२५ च्या सुधारित वर्गीकरणात तिच्या जागी ‘शुद्ध’ हा शब्द आला, आणि शुद्ध ठरवताना दोन गोष्टी पाहाव्यात असे सांगितले गेले : रुग्णाची जाणीव आणि त्याचा प्रतिसाद. पहिली नंतर रुग्णाला विचारायची, दुसरा त्या वेळी हजर असलेल्याने तपासायचा. मुलाची छाती तपासून निदान लिहिणाऱ्या मायर्स यांच्यापाशी जाणीव नव्हती, एवढे त्यांच्या टिपणावरून कळते. प्रतिसाद कितपत होता, हे त्या मुलाच्या आईला सांगता आले असते. तिला कोणी विचारल्याचा उल्लेख त्या टिपणात नाही.